अवकाळीनंतर अडेनियमचा गड्डा मऊ पडलाय, कुजलाय की तहानलाय?

गच्चीबाग_भुसावळ
डेझर्ट रोजच्या, म्हणजे अडेनियमच्या, सहा कुंड्या आहेत. चार १० इंची प्लास्टिकच्या, दोन १४ इंची सिमेंटच्या. तीन दिवस अवकाळी झाला, आता ढगाळ आहे आणि रात्रीचा पारा ११ वर. पानं पिवळी पडून गळताहेत. दोन झाडांचे गड्डे (बुंध्याचा फुगीर भाग) दाबले की दबतात. कुंडीत निम्मी काळी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट. सिमेंटच्या कुंड्या एकट्याने उचलत नाहीत. नुसतं पाणी बंद करू की बुरशीनाशक ओतू?

काटेरी_धुळे
भाऊ, पानगळीची काळजी नको. रात्री १२-१३ च्या खाली गेल्या की अडेनियम झोपी जातं, पानं टाकतंच. काळजी गड्ड्याची करा.

दाबून बघताना एवढं ओळखा: तहानलेला गड्डा सगळीकडून सारखा दबतो, साल कोरडी आणि किंचित सुरकुतलेली असते. कुजलेला एकाच जागी दबतो, बहुतेक वेळा मातीच्या रेषेलगत. तिथली साल तपकिरी, ओलसर, नखाने ओढली तर सुटून येते आणि आंबूस वास मारतो. तीन दिवसांच्या पावसानंतर तहानेचा प्रश्नच येत नाही. तुमची ती दोन झाडं आजच कुंडीतून काढा, उद्यावर टाकू नका.

माती झटका, मुळं धुवा. धारदार चाकू स्पिरिटने पुसून तपकिरी भाग कापत जा, आतला गर पांढराशुभ्र दिसेपर्यंत. मध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तरी थांबू नका, ती राहिली तर सड पुन्हा वर चढते. प्रत्येक कापाला चाकू पुसायचा. हातमोजे घाला, कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे, चीक विषारी. डोळ्याला हात लावू नका, लहान मुलांना लांब ठेवा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) थोड्या पाण्यात कालवून जखमेवर लेप द्या आणि झाड सावलीत, वाऱ्यावर ८-१० दिवस उलटं टांगा. जखम कोरडी, कडक झाल्यावरच लावायचं.

ओल्या कुंडीत औषध ओतणं म्हणजे आणखी पाणी घालणं. ते या हवेत नकोच.

शिरपूर_अंगण
दादांनी कापायचं नीट सांगितलंय, पण मूळ दुखणं मिश्रणात आहे. आपली काळी माती पाणी धरून फुगते, हवेच्या जागा बुजतात. वर पानं नाहीत म्हणजे झाड पाणी ओढतच नाही. मुळं श्वासावाचून मरतात, आणि मेलेल्या मुळातून बुरशी गड्ड्यात शिरते. कोकोपीट तर वरून कोरडं दिसतं आणि आत आठवडाभर ओलं राहतं.

नवीन मिश्रण: विटांचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे २ भाग, जाड वाळू किंवा परलाइट २ भाग, मुरलेलं शेणखत १ भाग, कोळशाचे तुकडे अर्धा भाग. विटांची पूड चाळून टाकायचीच, नाहीतर तीच तळाला बसून चिखल होते. तळाचं भोक बोटभर मोठं हवं. खालची ताटली काढा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, गच्चीच्या ओल्या स्लॅबवर टेकवू नका.

निरोगी चार झाडांची कुंडी मात्र आता बदलू नका. झोपलेल्या झाडाची तुटलेली मुळं लवकर भरत नाहीत. फेब्रुवारी अखेरीला, रात्री १५ च्या वर गेल्या की बदला. छाटणी आणि खतही तेव्हाच.

केळीपट्टा_रावेर
सिमेंटच्या कुंड्यांसाठी: पाऊस येणार म्हटलं की कुंडी एका बाजूने कलंडवून कडेखाली वीट सारा. झाडासकट आडवी केली तरी चालते. पाणी कडेवरून वाहून जातं, मातीत मुरत नाही. पाऊस थांबला की सरळ करा.

पूर्ण झाडावर प्लास्टिक गुंडाळू नका. आत दव साचतं आणि शेंडे काळे पडतात. वर पत्रा किंवा ताडपत्री, चारी बाजू उघड्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ ५-६ तास ऊन मिळतं तिथे ठेवलं तर उत्तम.

गच्चीबाग_भुसावळ
दोन्ही काढली. एकाची फक्त मुळं गेली होती, कापून टांगलंय. दुसऱ्याचा गड्डा कापत कापत वरपर्यंत तपकिरीच निघतोय. घरात कपाशीचं कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे, ते लावलं तर वाचेल का?

काटेरी_धुळे
तो गड्डा सोडून द्या. वरची फांदी आतून स्वच्छ पांढरी असेल तर ६ इंचांचा तुकडा घ्या, आठवडाभर सुकवून कोरड्या वाळूत लावा. फांदीच्या रोपाला बियांच्या झाडासारखा गुबगुबीत गड्डा धरत नाही, पण फुलाचा तोच रंग राहतो. झाड कलमी असेल तर फांदी जोडाच्या वरची घ्या.

कार्बेन्डाझिम पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंवर चालत नाही, आणि ओल्या मुळांना बहुतेक वेळा तेच सडवतात. जखमेला कॉपरच लावा. जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

शिरपूर_अंगण
बाकीच्या चार कुंड्यांना पाणी देण्याआधी खराट्याचा हीर तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. माती चिकटून आली किंवा हीर गार लागला तर पाणी नाही. कोरडा निघाला आणि झाडावर पानं असतील तर ऊन पडल्यावर, १० वाजेनंतर, १० इंची कुंडीला अर्धा लिटर. झाड पूर्ण बोडकं असेल तर फेब्रुवारीत नवे डोळे फुटेपर्यंत कोरडंच ठेवा. अगदी सुरकुतलं तर पेलाभर. कापून टांगलेलं झाड लावाल तेव्हा मिश्रण कोरडं घ्या आणि लावल्यापासून १० दिवसांनी पहिलं पाणी द्या.