रोहनची लिंक आणि काकूंचं कार्ड

ग्रुप: आपली अमेरिका शाखा

श्रद्धा: रोहन, ही तिसरी वेळ. रेफरल लिंका ग्रुपवर टाकायच्या नाहीत असं ठरलं होतं ना?

रोहन: ताई, मी काकूंसाठी टाकली. डिसेंबरात पुण्याला जायचंय, विमान कंपनीचं बिझनेस क्रेडिट कार्ड घेऊ का, असं त्यांनीच विचारलं.

श्रद्धा: त्यांनी सल्ला विचारला. लिंकवरून कार्ड मिळालं की तुला मैल, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे पॉइंट, मिळतात, हे सांगितलंस का त्यांना?

बाळूदादा: दलालाचे दोन टक्के ठरलेलेच असतात.

रोहन: दलाल काय, दादा? सगळेच टाकतात.

श्रद्धा: टाक, पण रेफरलचे मैल उत्पन्नात धरतात. उत्पन्न दाखवणारा 1099 फॉर्म आला की मला फोन करू नकोस. नवं कार्ड घेऊन ठरलेला खर्च केल्यावर मिळणारा बोनस ही सवलत मानतात, त्यावर सहसा कर नाही. तुझं तसं नाही.

नंदूकाका: पहिल्या वर्षाचा बोनस सगळेच सांगतात. दुसऱ्या वर्षी काय उरतं ते सांगा.

मेधाकाकू: मला आधी हे सांगा, माझं डेकेअर घरातच आहे. कंपनी वगैरे काही नाही. देतील का बिझनेस कार्ड?

श्रद्धा: देतात, काकू. एकट्याच्या नावावरचा धंदा चालतो, स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर घालायचा. मात्र हमी तुमची वैयक्तिक. धंदा बसला तरी बिल तुमच्याच डोक्यावर. शिवाय इथल्या 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याचं संरक्षण मुख्यतः घरगुती कार्डांना आहे.

सुमनआत्या: धंदा बसेल वगैरे अभद्र कशाला बोलायचं गं सकाळी सकाळी.

श्रद्धा: आत्या, अटी सांगतेय.

सुमनआत्या: सांग बाई. आम्हाला कोण विचारतंय.

रोहन: काकू, साधं गणित. समजा तीन महिन्यांत 5,000 डॉलर खर्चावर 60,000 मैल. मैलाला सव्वा सेंट धरला तरी 750 डॉलर. फी 150. निव्वळ फायदा 600!

नंदूकाका: दुसऱ्या वर्षी काय उरतं? तेव्हा बोनस नाही, फी आहे.

बाळूदादा: काका, तुमचा मेसेज पिन करून ठेवू का?

नंदूकाका: कर. कोणी उत्तर देत नाही म्हणून परत लिहावं लागतं.

मेधाकाकू: माझं सामान आणि खाऊ मिळून महिन्याला हजार-अकराशे जातात कार्डावर. भाडं चेकने, मदतनीस मुलीचा पगार बँकेतून. तीन महिन्यांत 5,000 कुठून आणू?

रोहन: टॅक्स कार्डावर भरा. आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, चालतं.

श्रद्धा: चालतं, फुकट नाही. घरगुती क्रेडिट कार्डाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास शुल्क, बिझनेस कार्डाला जवळजवळ तीन. आणि नसलेला खर्च ओढून आणला आणि बिल थकलं तर? 24 टक्क्यांनी 5,000 डॉलर सहा महिने थकले की 600 व्याज. रोहनचा सगळा फायदा तिथेच गेला.

रोहन: बिल थकवायला कोण सांगतंय? तू नेहमी वाईटच बाजू धरतेस.

श्रद्धा: मी लोकांची हिशेबाची पुस्तकं बघते. एप्रिलमध्ये माझ्याकडे रडत येतात ते मला दिसतात, तुला नाही.

बाळूदादा: पॉपकॉर्न कोणाकडे आहे?

विनयमामा: मुद्द्यावर येऊ या का? मेधा, पुण्याला जायचं तर युनायटेड एअरलाइन्सचं चेस बँकेचं कार्ड बघ. युनायटेडच्या मैलांवर एअर इंडियाचं तिकीट निघतं, दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात. मात्र 2019 पासून युनायटेडने मैलांचे ठरावीक दर काढून टाकलेत. डिसेंबरात किती मागतील याचा नेम नाही. साउथवेस्ट एअरलाइन्स अमेरिकेतल्या अमेरिकेत उत्तम, पण स्वतःच्या विमानाने भारतात नेत नाही.

सुमनआत्या: साउथवेस्टचं कौतुक सांगू नकोस विनय. आता बॅगेचेही पैसे घेतात.

विनयमामा: हो, 28 मे 2025 पासूनच्या बुकिंगवर. कार्ड असलं की पहिली बॅग फुकट. पण त्या कार्डाची खरी गंमत कम्पॅनियन पास. एका कॅलेंडर वर्षात 135,000 पॉइंट झाले की जोडीदार फक्त कर भरून येतो, उरलेलं वर्ष आणि पुढचं अख्खं. साइन-अप बोनस त्यात धरतात. म्हणून तो जानेवारी-फेब्रुवारीत जमा होईल असा बेत करायचा. डिसेंबरात 31 तारखेआधी आला तर निम्मी मजा गेली.

बाळूदादा: मामींना विचारा, त्यांना जोडीदार म्हणून कोण हवंय.

विनयमामा: बाळू, वय झालं माझं, सोड.

नंदूकाका: दुसऱ्या वर्षी?

श्रद्धा: काकांचा मुद्दा खरंच घ्या. फी दरवर्षी जाते, म्हणून फुकट बॅग तुम्ही किती वेळा वापरणार ते मोजायचं. युनायटेडमध्ये तिकीट त्याच कार्डाने काढलं तरच बॅग फुकट, तुमची आणि सोबतच्या एकाची. डेल्टा एअरलाइन्सच्या अॅमेक्स (अमेरिकन एक्स्प्रेस) गोल्ड कार्डाला तिकीट कशानेही काढा, त्याच बुकिंगवर सोबतच्या आठ जणांपर्यंत चालते. काकू वर्षातून एकदा जातात, तेही भारतात, आणि तिथे बऱ्याच तिकिटांत बॅग आधीच धरलेली असते.

मेधाकाकू: म्हणजे बॅगेसाठी नको.

श्रद्धा: नको. फक्त बोनससाठी घ्या, आणि वर्ष संपायच्या आत ठेवायचं की नाही ते ठरवा.

रोहन: आणि काकू, अॅमेक्सचा बोनस एका कार्डावर आयुष्यात एकदाच. आज छोटी ऑफर घेतलीत तर मोठी आली की हात चोळत बसाल. चेसमध्ये गेल्या 24 महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून पाच किंवा जास्त नवी घरगुती कार्डं घेतली असतील तर अर्ज बहुधा नाकारतात. तिथलं बिझनेस कार्ड त्या पाचात सहसा मोजत नाहीत.

श्रद्धा: हे बरोबर आहे.

बाळूदादा: तारीख लिहून ठेवा कोणीतरी. श्रद्धा रोहनला बरोबर म्हणाली.

मेधाकाकू: माझं एकच कार्ड आहे, तेही दहा वर्षांपूर्वीचं. पण 5,000 चं काय?

नंदूकाका: मेधा, तुझ्या डेकेअरच्या विम्याचा हप्ता कधी येतो?

मेधाकाकू: सप्टेंबरात. वर्षाचा एकदम, अडीच हजारांच्या वर.

नंदूकाका: मग ऑगस्टअखेर अर्ज कर. विमा आणि नेहमीचा खर्च मिळून पाच हजार सहज होतात, काही जास्तीचं घ्यावं लागत नाही. तीन महिन्यांचं घड्याळ मंजुरीच्या दिवसापासून चालू होतं, कार्ड पोस्टात अडकलं तरी. वार्षिक फी त्या पाच हजारांत धरत नाहीत.

विनयमामा: पण मग मैल नोव्हेंबरच्या सुमारास येणार. डिसेंबरची तिकिटं तोवर महाग झालेली असतील. हे मैल पुढच्या फेरीसाठी धर, यंदाचं तिकीट पैशांनीच काढ.

मेधाकाकू: अगंबाई. मग यंदाचं तिकीटही त्याच कार्डावर काढू का?

श्रद्धा: काढा की, खर्चात मोजलं जाईल. फक्त विम्याचा एजंट कार्ड घेतो का, आणि वर काही टक्के लावतो का, ते आधी विचारा.

मेधाकाकू: सोमवारी फोन करते त्याला. सुमनवन्सं, तुम्ही येताय का डिसेंबरात?

सुमनआत्या: आता विचारलंस होय.