आयफोनवर अर्जाखालचे ‘मागणी नोंदवा’ बटण दिसत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

देवगड तालुक्यातील आमच्या बागेतल्या हापूसच्या पेट्या ग्राहकांना थेट मागवता याव्यात, म्हणून यंदा मी एक लहानसे संकेतस्थळ तयार केले आहे. कोणतीही फ्रेमवर्क न वापरता साधे एचटीएमएल, सीएसएस आणि थोडे जावास्क्रिप्ट एवढ्यावरच ते उभे आहे. मागणीच्या पानावर वर शीर्षपट्टी, मध्ये नाव-पत्ता आणि पेट्यांची संख्या विचारणारा सरकता अर्ज, आणि तळाशी ‘मागणी नोंदवा’ हे बटण अशी रचना आहे. बटण कायम पडद्याच्या खालच्या कडेला राहावे म्हणून बाहेरच्या चौकटीला मी १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीइतकी, उंची दिली, आतली मांडणी सीएसएसच्या फ्लेक्स पद्धतीने केली आणि संपूर्ण पान सरकू नये यासाठी बॉडीला ओव्हरफ्लो हिडन लावले.

संगणकावरील क्रोममध्ये, त्यातल्या मोबाइलच्या नकली चौकटीतसुद्धा, सगळे व्यवस्थित दिसत होते. माझ्या अँड्रॉइड फोनवर बटणाची खालची कड किंचित कापलेली वाटली, पण मी ते पॅडिंग चुकल्याचे समजून सोडून दिले. नंतर डोंबिवलीच्या एका जुन्या ग्राहकांचा फोन आला: ‘ताई, पत्ता सगळा भरला, पण पुढे जायचं कुठून?’ त्यांच्या आयफोनवर बटण ब्राउझरच्या तळच्या पट्टीमागे पूर्ण दडले होते, आणि पान सरकत नसल्यामुळे ते वर आणण्याचा मार्गही नव्हता. आणखी किती जण असे अर्धा अर्ज भरून परत गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

मी दोन उपाय करून पाहिले. जावास्क्रिप्टने विंडोची इनरहाइट, म्हणजे दिसणाऱ्या भागाची उंची, मोजून ती उंची म्हणून दिली. पान उघडताना बटण दिसते, पण फोन आडवा केला की मांडणी क्षणभर हिसका खाते. उंचीला ‘वेबकिट-फिल-अव्हेलेबल’ (उपलब्ध जागा भरा) हे मूल्य दिल्यावर आयफोनवर फरक पडला, परंतु त्यातून शीर्षपट्टीची उंची वजा करण्याचे गणित सीएसएसच्या कॅल्क या फंक्शनमध्ये करता येत नाही. शिवाय पत्त्याच्या रकान्यात बोट ठेवताच आयफोनवर पान आपोआप मोठे होते आणि कळफलक वर आला की बटण पुन्हा झाकले जाते.

ब्राउझर ओळखून आयफोनसाठी वेगळी सीएसएस द्यावी का? आणि माझ्याकडे मॅक नसताना हे तपासावे कसे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण पाहिलेला प्रकार हा ब्राउझरमधील दोष नसून जाणूनबुजून ठरवलेले वर्तन आहे. वाचक पान सरकवतो तेव्हा मोबाइलवर पत्त्याची पट्टी आक्रसते. प्रत्येक वेळी व्हीएचचे मूल्य बदलले, तर मजकूर वाचता वाचता उड्या मारू लागेल. म्हणून सफारीने व्हीएच हे पट्टी आक्रसलेल्या अवस्थेतील, म्हणजे मोठ्यात मोठ्या उंचीवर कायम केले, आणि २०१७ साली क्रोमनेही अँड्रॉइडवर ५६व्या आवृत्तीपासून तेच धोरण स्वीकारले. त्यामुळे आपल्या अँड्रॉइडवर कापलेली कड आणि आयफोनवर दडलेले बटण ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत. आयओएस १५पासून सफारीची पत्त्याची पट्टी खाली आल्यामुळे आयफोनवर ती बटणाच्या जागेवरच बसते, इतकेच.

यावर तीन नवी एकके आली आहेत: पट्टी पूर्ण उघडी असतानाची उंची एसव्हीएच, आक्रसलेली असतानाची एलव्हीएच आणि त्या त्या क्षणाची डीव्हीएच. सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ यांपासून, म्हणजे २०२२ पासून, ती उपलब्ध आहेत. आधी १०० व्हीएचची ओळ लिहावी आणि लगेच तिच्याखाली १०० एसव्हीएचची. सीएसएसच्या नियमानुसार ब्राउझरला न समजणारी घोषणा तो वगळतो, त्यामुळे जुना ब्राउझर पहिली ओळ घेतो आणि नवा दुसरी.

ब्राउझर ओळखून वेगळी सीएसएस देण्याच्या मार्गाला मात्र जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःची ओळख मॅक म्हणून देते, आणि आयफोनवरील क्रोमसुद्धा भारतात आतून वेबकिट या सफारीच्याच इंजिनवर चालतो. नावावरून घेतलेला निर्णय दोन्हीकडे चुकतो. एखादी सुविधा आहे की नाही हेच विचारायचे असेल, तर सीएसएसमधला सपोर्ट्स नियम त्यासाठीच आहे.

प्रतिसाद २

वरील खुलासा योग्य आहे, पण कळफलकाचा प्रश्न या एककांनी सुटणार नाही, कारण डीव्हीएचसुद्धा कळफलक हिशेबात धरत नाही. आयफोनवर कळफलक उघडल्यावर फक्त व्हिज्युअल व्ह्यूपोर्ट (प्रत्यक्ष दिसणारा भाग) लहान होतो, लेआउट व्ह्यूपोर्ट (ज्यावरून मांडणी ठरते तो भाग) तसाच राहतो. अँड्रॉइडवरील क्रोमनेही १०८व्या आवृत्तीपासून हेच वर्तन घेतले. क्रोममध्ये पानाच्या एचटीएमएलमधील व्ह्यूपोर्ट मेटा टॅगमध्ये ‘इंटरॅक्टिव्ह-विजेट’ला ‘रिसाइझेस-कंटेंट’ हे मूल्य देऊन जुने वर्तन परत मिळते, पण आयफोनसाठी त्यावर विसंबू नये.

माझ्या मते खरी अडचण पान न सरकू देण्यात आहे. बॉडीवरचा ओव्हरफ्लो काढून टाका, ठरावीक उंचीऐवजी किमान उंची १०० एसव्हीएच ठेवा, आणि बटण अर्जाच्या शेवटीच लिहून त्याला पोझिशन स्टिकी व बॉटम शून्य द्या. म्हणजे ते सहसा खालच्या कडेला चिकटून राहील, आणि काही कारणाने चिकटले नाही तरी पान सरकवून त्याच्यापर्यंत पोहोचता येईल. अर्ज नोंदवण्याचे बटण कोणत्याही ब्राउझरमध्ये हाताबाहेर जाता कामा नये. दिसण्यातला फरक त्यानंतरचा.

पान आपोआप मोठे होण्याचे कारण वेगळे आहे. रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोनवरील सफारी त्या रकान्यावर झूम करते. अक्षरांचा आकार १६ पिक्सेल करा; वेलांट्या आणि मात्रा वाचायलाही ते बरे पडते. झूम बंद करण्यासाठी मेटा टॅगमध्ये ‘युजर-स्केलेबल’ला नकार देऊ नका: आयओएस १०पासून सफारी तो मानत नाही, आणि इतर फोनांवर मंद दृष्टीच्या लोकांचे त्याने नुकसान होते.

तपासण्याबाबत: क्रोममधली नकली चौकट फक्त आकार बदलते, आतले इंजिन क्रोमचेच राहते. लिनक्सवर ग्नोम वेब हा वेबकिटवरचा ब्राउझर किंवा विंडोजवर प्लेराइट या चाचणीच्या साधनासोबत येणारे वेबकिट यांवर इंजिनमधले बरेचसे फरक सापडतात. पत्त्याची पट्टी आणि कळफलक मात्र प्रत्यक्ष फोनवरच पाहावे लागतात, त्यामुळे कोणाचा तरी आयफोन तासभर मागून घ्यावाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बॉडीवरचा ओव्हरफ्लो काढला, ठरावीक उंचीऐवजी किमान उंची दिली, बटण स्टिकी केले आणि अक्षरे १४ वरून १६ पिक्सेलवर नेली. शेजारच्या मुलाच्या आयफोनवर पट्टी उघडी असताना, मिटलेली असताना आणि फोन आडवा धरूनही पाहिले. बटण जागेवर आहे आणि झूम थांबला आहे. कळफलक उघडा असताना ते अजूनही झाकले जाते, पण तो मिटताच परत दिसते, म्हणून तिथे आणखी जावास्क्रिप्ट घातले नाही.

डोंबिवलीच्या ग्राहकांचा फोन आयफोन ६ निघाला, जो आयओएस १२च्या पुढे जात नाही. तिथे एसव्हीएच नाही, आणि आधी ‘वेबकिट’ हा उपसर्ग लावल्याशिवाय लिहिलेले स्टिकीही चालत नाही. उपसर्ग असलेली ओळ मी आता घालणार आहे, परंतु त्याआधीच काल त्यांनी पान शेवटपर्यंत सरकवून दोन पेट्यांची मागणी नोंदवली.