विज्ञान प्रयोगांच्या किटच्या आधी शिक्षकांच्या हाताला काम द्या

प्रयोगशाळा नसेल तर प्राथमिकच्या शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षण देणं वाया जातं, असा सूर वरच्या काही प्रतिसादांत आहे. मला तो अजिबात पटत नाही.

मी इंदूरची. आमच्याच राज्यात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो सहावी ते आठवीसाठी होता, पण त्यातली शिक्षकांची तयारी लहान वर्गांनाही लागू पडते. मुलांनी जे प्रयोग करायचे, तेच शिक्षक आधी गटात बसून स्वतः करत, वाद घालत. पुढे मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरीच्या बाईंना बादलीभर पाणी आणि दोन संत्री द्या. सालासकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. वजन तर कमी झालं, मग बुडलं का? सालीत अडकलेल्या हवेपर्यंत त्यांना स्वतःला पोहोचू द्या, घाईने उत्तर सांगू नका. पाण्यात टाकण्याआधी प्रत्येकीचा अंदाज मात्र लिहून घ्या, कारण चुकलेल्या अंदाजावरच खरी चर्चा होते. हे अनुभवलेल्या बाई वर्गात मुलाचं चुकीचं उत्तर लगेच खोडत नाहीत.

दोन दिवसांच्या भाषणी शिबिरात हे होत नाही. इंदूरमध्ये शिक्षकांचा असा मासिक गट कोणी चालवत असेल तर इथे जरूर लिहा, मला यायचं आहे.