'स्लज'ला रेंदा म्हणावं की गाळ?

मंद्र: कार्प या अमेरिकन बँडच्या १९९७ सालच्या 'सेल्फ टायटल्ड एलपी' या अल्बमबद्दल मराठीत लिहायचं तर 'स्लज मेटल' या संथ, जड आवाजाच्या मेटल प्रकारातल्या स्लजला शब्द कोणता? गाळ, चिखल, रेंदा असे तीन पर्याय समोर आहेत.

तळसूर: रेंदा. गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. इथे नितळ काही उरतच नाही. चिखल पातळही असू शकतो. रेंदा दाट असतो, पाय टाकला की ओढून धरतो, आणि या संगीतात स्वर अगदी तसाच धरून ठेवलेला असतो.

त्याची कारणं वाद्यात आहेत. गिटारची सर्वांत जाड तार नेहमी ई वर, म्हणजे ८२ हर्ट्झवर लावतात. ती सी पर्यंत उतरवली की ६५ हर्ट्झ. तार तीच ठेवली तर सैल पडते, पडद्यांवर फडफडते, आणि जोरात छेडली की स्वर आधी चढतो, मग जागेवर येतो. म्हणून ०.०४६ इंचाऐवजी ०.०५६ ची तार चढवतात. त्यावर फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं उपकरण, लावलं की तरंगांचे माथे छाटले जातात. आघात आणि त्यामागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, जवळजवळ सारख्याच मोठ्या ऐकू येतात. आस लांबल्यासारखी वाटते ती यामुळे. मात्र फझमध्ये गंधार मिसळला की सगळं गढूळ होतं, म्हणून बहुतेक वेळा नुसते षड्ज-पंचम.

आणि कृपा करून 'हेवी'ला 'भारी' लिहू नका. 'भारी अल्बम' म्हणजे मराठीत झकास अल्बम. 'बोजड' हा दोष झाला. 'जड' नेमका आहे, जड आवाज आपण म्हणतोच.

मंद्र: लयीला 'विलंबित' चालेल?

ठेकेदार: नको. ख्यालात अतिविलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. स्लजमध्ये मिनिटाला ६० ठोके धरले तर चार ठोक्यांचं अख्खं आवर्तनच चार सेकंदांत संपतं. 'संथ' पुरे. कार्पला तर तेही सरसकट लावू नये, ते वेगातही वाजवायचे.

मंद्र: मग 'नॉइज रॉक' म्हणजे गोंगाट रॉक?

तळसूर: गोंगाट बाजारात होतो, तो कुणी मुद्दाम रचत नाही. इथला कर्कशपणा रचलेला असतो. गिटार स्पीकरसमोर धरली की त्याच्या आवाजाने तार पुन्हा थरथरते, तारेखालचा पिकअप तो थरार विजेच्या रूपात परत अॅम्पकडे पाठवतो, आणि चक्र चालू राहतं. वाजवणारा पाऊलभर सरकला तरी स्वर बदलू शकतो. याला 'प्रत्याभरण' म्हटलं तर वाचकाला शिक्षकाचा शेरा आठवेल. 'फीडबॅक'च ठेवा, 'नॉइज रॉक'ही तसंच.

ठेकेदार: नावाबद्दल एक. 'सेल्फ टायटल्ड'चं भाषांतर करून अल्बमचं नाव 'कार्प' असं देऊ नका. 'सेल्फ टायटल्ड एलपी' हे शब्दशः त्याचं शीर्षक आहे.

मंद्र: आणि तो 'उपेक्षित' की 'दुर्लक्षित'?

तळसूर: दुर्लक्षित. उपेक्षेत जाणूनबुजून डावलणं येतं. हे त्रिकूट वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटरचं, अल्बम काढला ऑलिम्पियाच्या के रेकॉर्ड्सने, आणि ते लेबल ओळखलं जायचं साध्या, घरगुती ध्वनिमुद्रणाच्या पॉपसाठी. मेटल ऐकणाऱ्यांनी तिथे शोधलंच नाही. बेस वाजवणारा आणि गाणारा जॅरेड वॉरन २००६ मध्ये मेल्विन्स या नावाजलेल्या स्लज बँडमध्ये गेला. मेल्विन्सच्या वाटेने मागे येणाऱ्याने इथे जरूर थांबावं.