मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर रात्रीचा भ्रम

पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या २-३ रात्री झोप मोडते, भ्रम (डिलिरियम, म्हणजे अचानक गोंधळून जाणं) सुरू होतो. चष्मा-श्रवणयंत्र लगेच परत देणं, दिवसा उजेडात खुर्चीत बसवणं, लघवीची नळी लवकर काढणं, ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, पोट साफ आहे ना ते बघणं, एवढं वॉर्डात होतं. झोपेसाठी लोराझेपाम (झोपेची गोळी) किंवा अ‍ॅव्हिल (गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध) टाळतो. त्यानंच भ्रम वाढतो.

अडतं रात्रीच. दर चार तासांनी बीपी, पहाटे ४ ला रक्त, ५ ला स्पंजिंग! स्थिर रुग्णाची ११ ते ५ मधली कामं एकत्र केलीत का कुणी? कोणत्या निकषांवर?

दुसरं, सुस्त भ्रम नातेवाइकांना ‘छान झोपलेत’ वाटतो. ड्युटी बदलताना फोर-एटी (4AT, भ्रम ओळखायची छोटी चाचणी) करता का? त्यातलं महिने उलटे म्हणायला लावणं कमी शिकलेल्या आजींना जमत नाही. त्याऐवजी वार चालतील?