बी-३०४चे जावई आणि दुपारचं ड्रिलिंग

सी-२०३: सर्वांना नमस्कार. आज दुपारी सव्वादोनला बी-३०४ मधले जर्मन गृहस्थ आमच्या दारात येऊन घड्याळ दाखवत उभे राहिले. किचनचं काम चालू आहे. ड्रिलिंग बंद करा म्हणे. आता बाहेरून आलेल्यांनी आम्हाला नियम शिकवायचे का?

ए-१०१ काका: अहो, पुण्यात १ ते ४ ड्रिलिंग? जावईबापूंचा सत्कार करा.

सेक्रेटरी: सोसायटीच्या नियमात दुपारी २ ते ४ आवाजाचं काम बंद आहे. जिन्याखालच्या बोर्डवर लावलंय. वाचलंय फक्त त्यांनीच, असं दिसतंय 😄

बी-३०४ (मुलगी): काका, सॉरी हं. त्याच्या गावी दुपारची वामकुक्षी आणि रविवारची शांतता फार कडक पाळतात. रविवारी तिथे भिंतीला खिळा ठोकला तरी शेजारी येतो. तो भांडायला नव्हता आला.

सी-२०३: भांडले नाहीत, ते खरं. जाताना "अहो, धन्यवाद" म्हणाले.

ए-६०१: एक विचारू का ताई? आमचा भाचा म्युनिकला आहे, तिथल्याच मुलीशी लग्न ठरतंय. इथे येऊन राहायचं म्हणतात. कागदपत्रांचं फार लचांड असतं का?

बी-३०४ (मुलगी): लग्न इथे करणार असाल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. आधी ३० दिवसांची नोटीस, ती कार्यालयाच्या फलकावर लागते. मुलीला तिकडून 'विवाहास हरकत नाही' असा दाखला आणावा लागेल, तो लवकर मागवा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला तर इथे आल्यावर १४ दिवसांत नोंदणी, ती ऑनलाइन होते. ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहता येतं ते कार्ड) अर्ज मात्र लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाल्यावरच. ते मिळालं तरी मतदान नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. फाइल करा, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स ठेवा, होतं सगळं. कागद सोपे म्हणायची वेळ येते नंतर.

बी-४०२ काकू: म्हणजे? अवघड काय मग? जेवण?

बी-३०४ (मुलगी): जेवणाचं जमलं. त्याला रात्री थंड ब्रेड, चीज, काकडी एवढंच लागतं. आई पहिले तीन महिने "पोरगा उपाशी झोपतो" म्हणून रडायची.

बी-३०४ (आई): रडले नाही. काळजी केली. आता शिळी पोळी आणि चटणी देते, तीही गारच की. आवडीने खातो.

ए-१०१ काका: आणि मराठी?

बी-३०४ (आई): हिचं ऐकून मला "आई, तू" म्हणतो आणि वॉचमनला "अहो, आपण". माझा सख्खा जावई मला तू म्हणतो, हे माझ्या बहिणींना पचत नाही. मला तर मुलगाच आल्यासारखं वाटतं.

बी-३०४ (मुलगी): त्यांच्याकडेही तो-ती-ते आहे, म्हणून पहिल्या दिवशी खूश होता. मग कळलं की त्यांचा चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी 'ते'. सूर्य त्यांच्याकडे बाई. रोज सकाळी गच्चीवरून सांगतो, "सूर्य उगवली."

बी-४०२ काकू: गोड गं! परवा वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर चेहरा का पडला?

बी-३०४ (मुलगी): काकू, तुम्ही आदल्या दिवशी दिल्यात. त्यांच्यात आगाऊ शुभेच्छा म्हणजे अपशकुन. रात्रभर अस्वस्थ होता, आणि म्हणे आपण भारतीय अंधश्रद्धाळू 😂

बी-३०४ (मुलगी): पण विषय निघालाच आहे तर बोलते. अवघड हे आहे की तो इथला होतच नाही. कार्ल्याच्या लेण्यांत आम्हाला २५ रुपये तिकीट, त्याला ३००. तो सरकारी नियम, ठीक आहे, आई खिडकीवर "अहो, जावई आहे आमचा" म्हणून वाद घालून आली. पण घरात? जावई म्हटला की आपल्याकडे जन्मभर पाहुणा. यंदा अधिक ज्येष्ठात आईने ३३ अनारशांचं वाण दिलं. त्याने मोजले, मग ३३ च का म्हणून विचारलं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, ११ दिवस साचत जातात, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी महिना वाढतो, हे कळल्यावर इंजिनियर प्रसन्न. पण ताट उचलून ओट्यावर ठेवायला गेला तर चार बायका धावल्या. रात्री मला विचारलं, "मी इथे राहतो की उतरलोय?"

बी-३०४ (आई): हे मला नाही सांगितलंस.

बी-३०४ (मुलगी): तुलाच सांगतेय आई. ग्रुपवर सोपं जातं.

बी-४०२ काकू: …

बी-३०४ (आई): बरं. उद्यापासून भांडी त्याची.

सेक्रेटरी: सोसायटीकडूनही एक. ओला-सुका कचऱ्याच्या कामाला दोन वर्षं कोणी तयार नाही. घेतील का?

बी-३०४ (मुलगी): विचारलं. विचारायच्या आतच हो म्हणाला. फक्त रविवारी नाही. आणि काचेच्या बाटल्यांचा वेगळा डबा हवाय.

ए-१०१ काका: आता सगळ्यांचीच खैर नाही.

सी-२०३: माझं ड्रिलिंग उद्या चारनंतर. त्यांना सांगा. आणि भिंतीत कन्सील्ड पाइप कुठून गेलाय ते बघायला येतील का, विचारा. आमच्या प्लंबरला सापडत नाहीये.