पाहुणे अमेरिकन, जेवण आयरिश: कॉर्न्ड बीफ करावं का?

कॉर्कची_सून:
नवऱ्याची लांबच्या नात्यातली आत्या ऑक्टोबरअखेर बॉस्टनहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात येतेय. तिचे आजोबा इथून गेलेले, ती मात्र पहिल्यांदाच येणार. फोनवर म्हणाली, "अस्सल आयरिश जेवायचंय, कॉर्न्ड बीफ आणि कोबी!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवलेलं गोमांस; आमच्याकडे कोबीबरोबर बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) शिजतं, वर पार्सलीचा पांढरा सॉस. मी तेच वाढणार. तिकडचंच खायचं तर एवढा प्रवास कशाला?

बोस्टनवाला:
साफ असहमत. आयर्लंडच्या 1845 ते 52 च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देशोधडीला लागली. अमेरिकेत पोचलेल्यांना गावाकडचं बेकन कुठून मिळणार? ज्यू खाटकाकडचं खारवलेलं ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा भाग) परवडलं, त्यात कोबी घातला. हे खोटं आयरिश कसं? आत्याबाईंच्या आजोबांनी कदाचित आयुष्यभर तेच खाल्लं असेल.

मिठाचा_खडा:
अहो, कॉर्कमध्ये बसून कॉर्न्ड बीफला परकं म्हणता! (कॉर्न म्हणजे इथे मका नव्हे, मिठाचे जाड खडे.) अठराव्या शतकात याच बंदरातून खारवलेल्या गोमांसाची पिंपं ब्रिटिश नौदलाला आणि कॅरिबियन बेटांना जात. आजही ख्रिसमसला कॉर्ककरांना स्पाइस्ड बीफ (मसाल्यात मुरवलेलं गोमांस) लागतंच.

कॉर्कची_सून:
पिंपं जात, बरोबर. पण गरिबाच्या ताटात काय पडायचं? बटाटा आणि ताक. बंदरातून गेलं म्हणून ते घरचं होत नाही.

लिफीकाठी:
वाद चालू द्या, फक्त कॉडल करू नका. मी डब्लिनचं खास म्हणून हौसेनं केलं होतं. सॉसेज परतायची नसतात, बटाटा-कांदा-बेकनबरोबर नुसती उकडायची. शिकागोच्या पाहुण्यानं त्या फिकट सॉसेजकडे बघून हळूच विचारलं, "शिजलंय ना?" ब्लॅक पुडिंग मात्र दोनदा घेतलं. त्यात रक्त असतं हे मी नंतर सांगितलं.

बोस्टनवाला:
नंतर?! पाहुण्याला आधी सांगायला हवं. हा अप्रामाणिकपणा आहे.

लिफीकाठी:
आधी सांगितलं असतं तर चाखलं तरी असतं का?

ताकपाव:
मी यातलं कुठलंच मांस खात नाही, तरी मत देते. ऑक्टोबरअखेर म्हणजे हॅलोविन, मग कॉलकॅननच हवं: कुस्करलेला बटाटा, केल ही पालेभाजी, मध्ये लोण्याचं तळं. सोबत बार्मब्रॅक, म्हणजे सुक्या फळांचा गोडसर पाव, आत अंगठी लपवलेली. सोडा ब्रेड साधाच करा, गव्हाचं पीठ, ताक, सोडा, मीठ. मनुका आणि कॅरवे (जिऱ्यासारखं बी) घातलेला अमेरिकेत चालतो.

मिठाचा_खडा:
मनुकांचा इथेही करतात हो, उगाच सोवळं नको.

कॉर्कची_सून:
सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "कर हवं तर कॉर्न्ड बीफ. पण पार्सली सॉस माझाच, आणि तिनं पातेल्यात मनुका टाकल्या तर मी जेवायला बसणार नाही."